बाळंतिणीची वार : पुरायची, जाळायची की खायची?

मंडळी, आजची पोस्ट जेवताना वाचू नका. विषय थोडा किळसवाणा वाटेल, पण आपल्यापैकी प्रत्येकजण त्यातूनच आलाय.

गेल्या महिनाभरात तीन वाचकांनी मला एकच रील पाठवली. एक गोरी बाई, बाळंत होऊन चार दिवस झालेली. हातात काचेची बरणी, बरणीत तपकिरी कॅप्सूल. ती तिचीच वार, म्हणजे प्लासेंटा, वाफवून, वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरलेली. कोणीतरी खाली हिंदीत मजकूर चिकटवलाय की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, आयुर्वेदात लिहिलंय, आपण विसरलो आणि गोऱ्यांनी उचललं. तिघांपैकी एक वाचक करंजाड्याची, सातवा महिना लागलेली. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. तिचा प्रश्न सरळ होता. "दादा, यात लोह असतं म्हणतात. हॉस्पिटलात मागितली तर देतील का? आणि खरंच आपल्याकडे खायचे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देतील. दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून त्याच्या मागे लागलो. जे हाती आलं ते लांबलचक आहे, पण वाचा.

आधी शब्द. गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, साधारण अर्धा किलो वजनाचा, ताटलीसारखा चपटा मांसल अवयव म्हणजे वार. तिच्यातून बाळाच्या बेंबीपर्यंत जाते ती नाळ. संस्कृतात वारेला अपरा म्हणतात, शाळेच्या पुस्तकातही तोच शब्द आहे. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त तिथे शेजारी शेजारी वाहतं, एकमेकांत मिसळत नाही, पण प्राणवायू आणि अन्न इकडून तिकडे जातं. बाळ जन्मल्यावर थोड्या वेळाने ती सुटून बाहेर पडते. 'वार पडली' म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या बायका सुटकेचा श्वास टाकायच्या, कारण ती पडली नाही तर बाई रक्त जाऊन मरायची. बाळंतपण संपलं असं बाळ रडल्यावर नाही, वार पडल्यावर म्हणत.

बोलताना आपण नाळ आणि वार यांची सरमिसळ करतो. 'माझी नाळ या गावात पुरलीय' असं म्हणतो तेव्हा पुरलेली असते ती नाळेसकट वार. हा निव्वळ वाक्प्रचार नाही. अगदी काल-परवापर्यंत ते शब्दशः खरं होतं. पनवेल, उरण, खालापूर पट्ट्यातल्या ज्यांचा जन्म घरी झालाय, त्यांच्यापैकी बहुतेकांची वार घराच्या आसपास कुठेतरी जमिनीत आहे.

पद्धत घरागणिक थोडी बदलायची, पण गाभा सारखाच. सुईण वार एखाद्या मडक्यात किंवा जुन्या कापडात घ्यायची. परसात, न्हाणीजवळ किंवा अंगणाच्या कडेला खड्डा खणायचा, चांगला खोल. हळद, कुंकू, तांदूळ, सुपारी, कुठे एखादं नाणं. वर माती, मातीवर दगड. दगड अशासाठी की कुत्र्याने उकरू नये. काही घरांत बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंघोळीचं गरम पाणी पुढचे काही दिवस त्याच जागी जाईल अशी सोय करत. कुत्र्याने वार ओढून नेली तर बाळाला धोका, कोणी वाईट हेतूने नेली तर करणी होईल, अशी भीती. म्हणून ते काम गुपचूप आणि घरच्याच विश्वासाच्या माणसाने करायचं. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. या सगळ्यात कुठेही वार शिजवणं नाही, वाळवणं नाही, बाळंतिणीच्या ताटात वाढणं तर नाहीच.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर लोकांना वाटेल मी जुन्या दिवसांचे गोडवे गातोय. ती वार हाताळायची कोणी? सुईणीने. आणि सुईण बहुतेक वेळा ज्या जातींना गावाने खालचं ठरवलं होतं त्यातली. बाळंतपणाचं रक्त म्हणजे विटाळ, घराला दहा दिवसांचं सोयर. त्या विटाळाला हात लावायचं काम ज्या बाईकडे, तिला एरवी ओटीवरही घेत नसत. मोबदला म्हणजे लुगडं, खण, सुपात तांदूळ, नारळ. अर्ध्या गावाला जगात आणणाऱ्या बाईचं नाव गावातल्या एकाही पाटीवर नाही. आणि नाळ कापायची ती विळ्याने, नाहीतर घरातल्या मिळेल त्या पात्याने. त्यावर राख, कधी शेणही. त्यातून धनुर्वात होऊन आठवड्याच्या आत बाळं जायची. आपल्या देशाने नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आणल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. म्हणजे फार लांबची गोष्ट नाही.

पण सुईणींना काही कळत नव्हतं असंही नाही. महाराष्ट्रातला नंदुरबार, कर्नाटकातला बळ्ळारी, हिमाचलमधला कांगडा आणि झारखंडमधला बोकारो या चार भागांत दायांच्या पद्धतींचा 'जीवा' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. पुण्याच्या डॉ. मीरा सदगोपाल त्याच्या मागे होत्या. त्यात आणि देशातल्या इतर नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बाळ जन्मून रडलं नाही, निळं पडलं, तर दाई नाळ कापत नाही. वार बाहेर पडू देते, मग नाळ जोडलेली असतानाच वारेला शेक देते, निखाऱ्यावर किंवा गरम पाण्यात. वारेतला जीव नाळेतून बाळात जाईल असा त्यांचा हिशोब. डॉक्टर लोक या शेकण्याला पुरावा मागतील आणि तो मागायलाच हवा. बाळ रडत नसेल तर आज पहिली गरज त्याच्या छातीत हवा पोचवण्याची आहे, त्यात वेळ घालवून चालत नाही. मात्र 'नाळ घाईने कापू नका' एवढा भाग आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याकडे शेवटी येतो, कारण करंजाड्याच्या वाचकाचं खरं उत्तर तिथेच आहे.

मग वार खातं कोण? जनावरं खातात. कुत्री, मांजर, शेळी, उंदीर, माकडं, जमिनीवरचे बहुतेक सस्तन प्राणी व्यायल्यावर वार खाऊन टाकतात. मोठे अपवाद म्हणजे उंट, समुद्रातले देवमासे-डॉल्फिन आणि माणूस. गाय-म्हैस गवत खाणारी, पण तीही खाते. गोठा असलेल्या घरातल्यांना हे सांगायला नको. म्हैस व्यायली की रात्रभर कंदील घेऊन कोणीतरी बसायचं ते जार कधी पडतोय हे बघायला. (जनावराच्या वारेला जार किंवा झार म्हणतात.) म्हशीने तो खाल्ला तर दूध आटतं अशी समजूत. दूध आटो न आटो, अपचन आणि घशात अडकण्याची भीती खरी आहे, पशुवैद्यही तो लगेच उचलायला सांगतात. घाटावर आणि कर्नाटकात अजून एक प्रथा दिसते. तो जार पेंढ्यात किंवा पोत्यात बांधून वडाच्या झाडाला टांगायचा. वडाला चीक असतो, दुधासारखा, म्हणून जनावराला दूध भरपूर येईल. रस्त्याकडेच्या वडाला लटकणारी गाठोडी पाहून शहरातल्या मंडळींना जादूटोणा वाटतो. तो जादूटोणा नसतो, दुधाचा धंदा असतो.

तर आपल्या शेतकऱ्याची समज काय होती बघा. जनावरालाही वार खाऊ द्यायची नाही, मग बाईला कशाला खायला घालेल?

आता आयुर्वेद. रीलवाल्याने आयुर्वेदाचं नाव घेतलंय आणि पनवेलकरांसमोर आयुर्वेदाच्या थापा मारायच्या नसतात. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी याच गावात औषधांचा कारखाना काढला. श्री धूतपापेश्वर, आज दीडशे वर्षांच्या पुढे गेलाय. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत पनवेल हे नाव आधी औषधाच्या बाटलीवर वाचलं गेलं, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर नंतर.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठवा अध्याय आहे. गर्भधारणेपासून बाळ मोठं होईपर्यंत सगळं त्यात येतं. बाळ जन्मल्यावर पहिलं काय बघायचं? अपरा पडली की नाही ते. पडली नसेल तर काय करायचं याची लांबलचक यादी आहे. एका ताकदवान बाईने उजव्या हाताने बेंबीच्या वर दाबायचं, दुसऱ्या हाताने पाठीला धरून हलवायचं. केसांच्या वेणीने घसा-टाळू घासायचं, म्हणजे ओकारी येऊन पोटाला हिसका बसेल. भूर्जपत्र, काचमणी आणि सापाची कात यांची धुरी द्यायची. काही काढे. सगळा रोख एकच : ती बाहेर काढा. बाहेर पडल्यावर ती आईला खायला द्या असं त्या अध्यायात नाही. बाळंतिणीने काय खायचं हे मात्र नीट दिलंय. भूक लागली की तूप-तेलासारखा स्नेह, पचेल एवढाच, त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, सुंठ यांचं चूर्ण. पोटाला तेल-तूप चोळून मोठ्या कापडाने घट्ट बांधायचं, म्हणजे आत वारा धरणार नाही. मग तिच औषधं घातलेली पातळ पेज. वाचताना हसू आलं, कारण पोट बांधणं, सुंठ, तूप आणि पेज हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीने संस्कृतचं अक्षर न वाचता सांगितलं असतं.

या विषयावर पहिल्यांदा आधुनिक वैद्यकाच्या चौकटीत लिहिणारी बाई मराठीच होती. आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पदवीच्या प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. कल्याणची मुलगी, लग्नानंतर नवऱ्याच्या पोस्टातल्या नोकरीमुळे काही काळ आपल्या अलिबागलाही राहिलेली. चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि दहा दिवसांचं बाळ गेलं. त्या मुलीने आठ वर्षांत हा विषय निवडून प्रबंध लिहावा आणि पुढच्याच वर्षी क्षयाने जावं, हे मला कधीच नुसतं 'प्रेरणादायी' वाटलेलं नाही. राग येतो.

बाळंतिणीचा आहार या बाबतीत आपली परंपरा गरीब अजिबात नव्हती. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, अळिवाची खीर, जेवण झाल्यावर बाळंतशोपा आणि ओवा, शेक-शेगडी, वावडिंगाची धुरी, बाळंतकाढा. अळिवात लोह भरपूर. तुपात तळलेल्या डिंकाने कंबर भरते की नाही हा वाद घालता येईल, पण महिनाभर बाईला आयतं, गरम आणि पोटभर मिळायचं, हेच मोठं औषध होतं. अर्थात ज्यांच्या घरी मिळायचं त्यांच्याकडे. आदिवासी वाडीवरच्या कातकरी बाईला वीटभट्टीवर कुठला डिंक आणि कुठलं तूप? आपण 'आपली परंपरा' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती खाऊनपिऊन सुखी घरांची परंपरा असते.

बाहेरच्या जगात बघू. चीनमध्ये वाळवलेली मानवी वार औषध म्हणून वापरत, हे खरं आहे. सोळाव्या शतकात ली शिझेन यांनी लिहिलेल्या औषधींच्या प्रचंड ग्रंथातही तिची नोंद आहे. पण ते औषध होतं क्षीण झालेल्या, दमलेल्या, मूल न होणाऱ्या माणसांसाठी. दुसऱ्या कोणाची तरी वार, तिसऱ्या रोग्याला. बाळंतिणीने स्वतःची खायची हा प्रकार वेगळा. पुढे त्याचा एवढा बाजार झाला की चीन सरकारने २००५ मध्ये सांगितलं, वार ही त्या आईच्या मालकीची, तिची खरेदी-विक्री कोणी करायची नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास इथल्या दोन मानववंश-अभ्यासकांनी, शॅरन यंग आणि डॅनिएल बेनिशेक यांनी, जगभरातल्या १७९ समाजांच्या नोंदी चाळल्या. वारेचं लोक काय करतात? पुरतात, जाळतात, झाडाला टांगतात, पाण्यात सोडतात. सगळ्यात जास्त पुरतात. आईने स्वतःची वार खाण्याची रुजलेली प्रथा त्यांना कुठेच सापडली नाही. ही सगळी फॅशन सुरू झाली १९७० च्या दशकात, अमेरिकेत, घरी बाळंतपण करणाऱ्या मंडळींमध्ये. तर्क असा की जनावरं खातात, म्हणजे ते नैसर्गिक. मग २०१२ नंतर नट्यांनी मुलाखतींत सांगितलं, टीव्हीवरच्या किम कार्दशियनने सांगितलं आणि कॅप्सूल भरून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. म्हणजे ही 'प्राचीन परंपरा' माझ्यापेक्षा थोडीच मोठी आहे.

फायदा होतो का? त्याच विद्यापीठाने तपासलं. तीसहून कमी बायका, त्यामुळे अभ्यास छोटाच. निम्म्यांना वारेच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण सुकवलेलं गोमांस भरलेल्या. कोणाला काय मिळतंय हे ठाऊक नाही. रक्तातल्या लोहात दखल घेण्यासारखा फरक नाही, मनःस्थितीत आणि थकव्यातही ठोस काही नाही. मोजल्यावर कळलं की दिवसभराच्या पूर्ण डोसमधून मिळणारं लोह दोन मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला फुकट मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत साठ मिलिग्रॅम असतं. हे दोन आकडे शेजारी ठेवा, बाकी काही बोलायला नको.

तोटा होतो का? २०१६ मध्ये ओरेगन राज्यात एका बाळाला जन्मल्यानंतर लगेच रक्तात जंतुसंसर्ग झाला. उपचार करून घरी सोडलं, पाच दिवसांत पुन्हा तेच. डॉक्टर चक्रावले. आईचं दूध तपासलं, त्यात जंतू नाहीत. मग कळलं की आई वारेच्या कॅप्सूल घेतेय, दिवसातून तीनदा दोन-दोन. कॅप्सूल तपासल्या तर त्यात तोच जंतू. वाळवताना जेवढी उष्णता दिली होती ती जंतू मारायला पुरेशी नव्हती. बाळ वाचलं, पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २०१७ मध्ये ही घटना छापली आणि सांगितलं की अशा कॅप्सूल टाळाव्यात. वार ही शेवटी एक गाळणीही आहे, बाळंतपणात ती जंतूंच्या वाटेतून बाहेर येते, आणि घरच्या ओव्हनमध्ये वाळवली म्हणून निर्जंतुक होत नाही. रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही.

भारतात वारेपासून औषध बनतच नाही, असं मात्र नाही. कोलकात्याची अल्बर्ट डेव्हिड कंपनी मानवी वारेच्या अर्काचं प्लासेंट्रेक्स बनवते, इंजेक्शन आणि मलम. अनेक वर्षं डॉक्टर लोक ते कशाकशासाठी लिहून द्यायचे. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यावर लगाम घातला : जखम भरायला वरून लावण्यासाठी आणि ओटीपोटाच्या आतल्या सुजेवर इंजेक्शन म्हणून, एवढ्याच दोन कामांना परवानगी. गोरं व्हायला, तरुण दिसायला नाही. कारखान्यात तपासून, शुद्ध करून बनवलेल्या अर्काला जिथे एवढी बंधनं, तिथे स्वयंपाकघरातल्या मिक्सरला कोण विचारणार?

आता घरच्या अंगणाकडे परत. वार पुरणं कधी थांबलं? एका दिवसात नाही. आधी तालुक्याचे दवाखाने आले, मग खाजगी प्रसूतिगृहं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई घरोघर जाऊन बायकांना दवाखान्यात न्यायला लागल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये झाल्याचं दिसतं. ही फार चांगली गोष्ट आहे, आई आणि बाळ दोघंही त्यामुळे जगतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याबरोबर वार घराबाहेर गेली. एका पिढीत ती 'पुरायची वस्तू' होती ती 'कचरा' झाली.

कचरा हा शब्द माझा नाही, कायद्याचा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पहिल्यांदा १९९८ मध्ये आले, नवे २०१६ मध्ये. त्यानुसार मानवी शरीराचा भाग म्हणून वार पिवळ्या पिशवीत जाते. ४८ तासांच्या वर ठेवायची नाही. मग भट्टीत जाळायची. खोल खड्ड्यात पुरायला परवानगी आहे ती फक्त जिथे भट्टीची सोयच पोचत नाही अशा ग्रामीण, दुर्गम भागात. आपल्याकडे सोय पोचते, कारण भट्टी आपल्या दारातच आहे, तळोजा एमआयडीसीत. कोविडच्या काळात आजूबाजूच्या शहरांचा किती कचरा तिथे येत होता ते तळोजा-कळंबोलीकरांना चांगलं आठवत असेल. मुंबईची गोवंडीची भट्टीही लोकांच्या तक्रारींमुळे हलवायचं ठरलं, आणि कुठे? खालापूर तालुक्यात, जांभिवलीला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली होती. मुंबईने टाकायचं आणि रायगडने घ्यायचं, हा जुनाच व्यवहार आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

अमेरिकेत हवाई, ओरेगन, टेक्सास अशा राज्यांनी आईला वार घरी नेता येईल असे कायदे केलेत. हवाईत २००६ मध्ये तो कायदा झाला तो खाण्यासाठी नाही, तिथल्या मूळ रहिवाशांना वार आपल्या जमिनीत पुरायची होती म्हणून. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत तर जमीन आणि वार यांना एकच शब्द आहे, व्हेनुआ. बाळाची वार कुटुंबाच्या जमिनीत पुरायची, म्हणजे माणूस आणि जमीन यांचं नातं पक्कं.

हे वाचलं तेव्हा मला आपला विमानतळ आठवला. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, ओवळ्याचा भाग, वाघिवली आणि वाघिवलीवाडा अशा दहा वस्त्या उठल्या. टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. सिडकोच्या कागदांत घराचं क्षेत्रफळ आलं, झाडांची मोजणी आली, देवळांचं स्थलांतर आलं, स्मशानांचा प्रश्न आला. साठ-सत्तर वर्षांच्या एखाद्या आगरी-कोळी आजोबांनी सभेत उभं राहून 'आमची नाळ इथे पुरलीय' म्हटलं की अधिकारी त्याला भाषणातलं वाक्य समजतात. त्यांच्यासाठी ती जागा होती. न्हाणीमागची, दगड ठेवलेली. साडेबावीस टक्क्यांच्या हिशोबात तिला रकाना नाही आणि मी असा रकाना मागतही नाही, कारण काय मागणार? फक्त अधिकाऱ्यांना एवढं कळावं की तो माणूस अलंकारिक बोलत नव्हता.

आता करंजाड्याच्या ताईला उत्तर. ताई, हिमोग्लोबिन नऊच्या खाली म्हणजे ॲनिमिया आहे, मध्यम स्वरूपाचा. तुम्ही एकट्या नाही, त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालंय. बाळंतपणानंतरच्या कॅप्सूलची वाट बघू नका, आत्ता डॉक्टरांना भेटा. गोळ्या, आणि त्या पुरत नसतील तर शिरेतून लोह देतात. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस गोळ्या द्यायच्या आहेत, आशाताईंकडे हक्काने मागा. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. अळिवाची खीर खा, पण गोळीऐवजी नाही.

आणि वारेतलं जे खरोखर मोलाचं आहे ते तुमच्यासाठी नाही, बाळासाठी आहे. बाळ जन्मल्यावर काही क्षण नाळेतून रक्त वाहत राहतं. नाळ लगेच चिमटली नाही, निदान एक मिनिट, जमल्यास तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला जास्तीचं मिळतं. त्यातलं लोह बाळाला पुढचे सहा महिने पुरायला मदत करतं. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. सिझेरियनमध्येही हे बहुतेक वेळा करता येतं. बाळाला तातडीची मदत लागली तर मात्र डॉक्टर थांबणार नाहीत, आणि थांबूही नये. याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आधीच विचारून ठेवा : "डॉक्टर, नाळ कापायला थोडं थांबाल ना?" कळा सुरू झाल्यावर हे विचारायचं भान राहत नाही, म्हणून सोबत येणाऱ्या आईला किंवा सासूबाईंनाही सांगून ठेवा.

वाचकांकडे एक मागणं. पनवेल-उरण पट्ट्यातल्या ज्या घरांत अजून सुईणीच्या हाताने जन्मलेली माणसं आहेत, त्यांना विचारा की त्यांची वार कुठे पुरली होती आणि ती सुईण कोण होती. जागा आता कुठल्या सेक्टरमध्ये, कुठल्या इमारतीखाली गेली तेही लिहा. सुईणीचं नाव लिहिताना तिच्या घरच्यांना आधी विचारा. पुढच्या महिन्यात यावर दुसरा भाग टाकायचाय.